दप्तरातलं नाव



अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्याबद्दल बोलावं असा संकेत आहे. पण कार्यक्रमपत्रिकेत कृत्रिम बुद्धिमत्तेवर तीन सत्रं आहेत, तेव्हा भवितव्याची सोय झालेली आहे. मी आपली मागच्या दाराने येते. न्यू जर्सीत इतकी वर्षं हिशेब तपासण्यात गेली. त्यात सगळ्यांत जास्त मनस्ताप ज्या कामाने दिला त्याबद्दल बोलते. रजिस्टर्ड एजंट. त्याची नेमणूक नव्हे, ती सगळ्यांना जमते. तो बदलायचा कसा आणि सोडायचा कसा, हा माझा विषय.

एजंट म्हटलं की आपल्याला आरटीओच्या फाटकाबाहेर बसणारा माणूस आठवतो, नाहीतर विमा उतरवणारे काका. अमेरिकेतला हा एजंट दोघांतला कोणीच नव्हे. कंपनी ज्या राज्यात नोंदलेली आहे, तिथल्या एका खऱ्या रस्त्यावरच्या पत्त्यावर त्याने कामाच्या वेळेत हजर असायचं. पोस्टाची पेटी चालत नाही. कंपनीवर दावा झाला तर समन्स घ्यायचं, सरकारी नोटीस आली तर ती घ्यायची आणि कंपनीकडे पोचवायची. पेशव्यांचे वकील असायचे, दिल्लीत हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे. ते तिथली खबर पुण्याला लिहीत आणि पुण्याची बाजू तिथे मांडत. आपल्या एजंटला मात्र बाजू मांडायची मुभा नाही. त्याला फक्त कान आहेत.

हे कान भाड्याने देण्याचा धंदा किती मोठा असावा? डेलावेअर हे एवढंसं राज्य. तिथे २० लाखांहून जास्त कंपन्या नोंदलेल्या आहेत. विल्मिंग्टन शहरात नॉर्थ ऑरेंज स्ट्रीटवर १२०९ क्रमांकाची एक बसकी, नजरेत न भरणारी इमारत आहे. २०१२ साली वर्तमानपत्रांत आलं होतं, की त्या एका पत्त्यावर सुमारे २,८५,००० उद्योग नांदतात. नांदतात म्हणजे त्यांचा एजंट तिथे बसतो. आपल्या बाणेर-बालेवाडीतल्या एखाद्या मुलाला अमेरिकन गुंतवणूकदार भेटला, की तो पहिल्यांदा विचारतो, डेलावेअरची कॉर्पोरेशन आहे का? मग आपण ती काढून देतो. पेढे येतात. एजंटचं पहिलं वर्ष फुकट असतं, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगते. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम माझ्याकडे होतं. कॉर्पोरेशन डेलावेअरची, पण एक विक्री अधिकारी न्यू जर्सीत बसायचा, म्हणून तिथेही परदेशी कंपनी म्हणून नोंदणी केलेली. (तिकडे ‘परदेशी’ म्हणजे दुसऱ्या राज्यातली. डेलावेअरची कंपनी न्यू जर्सीत परदेशी ठरते.) एजंटने दर वाढवला. मालक म्हणाला, बदलून टाका. मी डेलावेअरमध्ये रीतसर फॉर्म भरला, नवा एजंट दप्तरी चढला. जुन्याला पत्र लिहिलं: आपली सेवा या तारखेपासून बंद. कार्डाची आपोआप होणारी वजावट थांबवली. फाईल मिटली, असं मला वाटलं.

न्यू जर्सीच्या दप्तरात मात्र जुन्याचंच नाव राहिलं होतं. तो फॉर्म मी भरलाच नव्हता.

पुढच्या वर्षी ऑफिसातल्या खुर्च्या-टेबलांच्या थकलेल्या भाड्यासाठी एकाने तिथे दावा लावला. समन्स जुन्या एजंटकडे गेलं. त्याने ते घेतलं, आणि त्याच्याकडे संपर्कासाठी ज्याचं नाव होतं त्याला ईमेल केली. तो विक्री अधिकारी केव्हाच नोकरी सोडून गेला होता. उत्तर द्यायला ३५ दिवस असतात, ते गेले. एकतर्फी हुकूमनामा झाला. आम्हाला कळलं ते बँकेतलं खातं गोठलं तेव्हा. ‘पण आम्ही त्याची सेवा बंद केली होती’ हे वाक्य मी वकिलाला तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा तो एवढंच म्हणाला, की ते तुम्ही त्याला सांगितलंत, राज्याला नाही. शेवटी समोरच्या पक्षाशी तडजोड झाली. वकिलाचं बिल मूळ भाड्याहून मोठं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि मसाल्यातला अर्धा वाटा मी माझ्या खिशातून भरला.

वकिलाच्या त्या वाक्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. एजंटशी आपला करार असतो, तो आपण मोडू शकतो. पण तो एजंट म्हणून उभा असतो राज्याच्या दप्तरातल्या नोंदीवर, आणि ती नोंद आपल्या पत्राने पुसली जात नाही. एका बाजूला गिऱ्हाईक आणि दुकानदार. दुसऱ्या बाजूला कंपनी आणि न्यायालय. आपण पहिलं नातं तोडतो आणि दुसरंही तुटलं असं धरून चालतो.

न्यायालयाला या नोंदीचं एवढं काय पडलं आहे, हे समजून घ्यायला ऑरेगॉनमधली एक जुनी गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मार्कस नेफ नावाचा माणूस पोर्टलंडच्या परिसरात जमिनीचा हक्कदार होता. त्याने जॉन मिचेल नावाच्या वकिलाचा सल्ला घेतला. फी थकली असं म्हणून मिचेलने १८६५ साली दावा लावला. रक्कम ३०० डॉलरच्या आत. नेफ तेव्हा कॅलिफोर्नियात. मिचेलने समन्स छापलं ते एका धार्मिक साप्ताहिकात, सहा आठवडे. नेफने ते वाचलं नाही यात नवल नाही. १८६६ मध्ये एकतर्फी निकाल, जमिनीचा लिलाव, आणि लिलावात घेणारा स्वतः मिचेलच! त्याने ती लगेच सिल्व्हेस्टर पेनॉयरला देऊन टाकली. पुढे नेफ परतला, त्याने दावा लावला, आणि १८७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. तोवर त्या जमिनीची किंमत १५,००० डॉलर सांगितली जात होती. पेनॉयर नंतर ऑरेगॉनचा गव्हर्नर झाला. मिचेल सिनेटर झाला, आणि १९०५ साली जमीन-घोटाळ्यातच दोषी ठरला. अमेरिकेत कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हा खटला घोकावा लागतो. पात्रं अशी असल्यावर निदान झोप तरी येत नाही.

निकालाचं सार असं, की राज्याचा हुकूम त्याच्या सीमेबाहेर चालत नाही. बाहेरच्या माणसाला ओढायचं तर समन्स त्याच्या हाती राज्यातच पडलं पाहिजे, नाहीतर त्याची संमती पाहिजे. आणि ओघात न्यायमूर्ती फील्ड यांनी हेही लिहिलं, की राज्यात येऊन करारमदार करणाऱ्या परक्याला ‘समन्स घ्यायला इथे एक माणूस नेमून ठेव’ अशी अट राज्य घालू शकतं. आपला एजंट त्या वाक्यात उभा आहे. सीमेचं ते तत्त्व १९४५ च्या इंटरनॅशनल शू खटल्यापासून पुष्कळ सैल झालं, पण एजंट टिकला. कारण सोपं आहे. कंपनीला हात नसतात. समन्स द्यायचं कोणाच्या हातात?

म्हणून एजंट बदलताना क्रम पाळा असं मी सांगते. आधी नवा, मग जुना. नव्या एजंटची संमती घ्या. टेक्सासमध्ये ती लेखी लागते, फ्लोरिडात फॉर्मवर त्याची सही लागते. मग राज्याकडे बदल नोंदवा. टेक्सासमध्ये त्याला १५ डॉलर पडतात. कॅलिफोर्नियात वेगळा फॉर्म शोधत बसू नका, कंपनीच्या माहितीचं जे विवरणपत्र भरता त्यातच एजंट बदलतो. नोंद झाल्याचा कागद हातात आला, राज्याच्या संकेतस्थळावर नवं नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की मगच जुन्याला पत्र. आणि हे प्रत्येक राज्यात वेगवेगळं. मी फसले ते इथे.

न्यूयॉर्कचा मामला निराळा. तिथे प्रत्येक कंपनीचा समन्स घेणारा खुद्द राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट असतो. खासगी एजंट ऐच्छिक. लोक खूश होतात, चला, कटकट गेली. पण सेक्रेटरी ते समन्स धाडतो कुठे, तर तुम्ही नोंदवलेल्या पत्त्यावर. ऑफिस हललं आणि पत्ता तसाच राहिला, की समन्स तुमच्या जुन्या जागेतल्या नव्या भाडेकरूच्या हाती. दर दोन वर्षांनी ९ डॉलरचं एक निवेदन भरायचं असतं. त्या वेळी पत्त्याच्या रकान्याकडे कोणी बघत नाही, ‘मागीलप्रमाणे’ करून पुढे.

कधी एजंटच आपल्याला सोडतो. पैसे थकले, ईमेल परत येऊ लागल्या, की तो राजीनामा देतो आणि तो त्याचा हक्क आहे. डेलावेअरच्या कायद्यात तर कंपनीने एजंटला संपर्कासाठी एका जिवंत माणसाचं नाव, पत्ता, फोन देऊन ठेवायचा असतो. तो दिला नाही एवढ्या कारणावरही एजंटला जाता येतं. जाण्याआधी किमान ३० दिवस त्याने कंपनीला कळवायचं. राजीनामा दाखल झाल्यावर नवा नेमायला आणखी ३० दिवस. तेवढ्यात नेमला नाही तर कॉर्पोरेशनची सनद जाते. एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) असेल तर तिची नोंदणी रद्द होते. आता हे कळवणार कोणत्या पत्त्यावर, तर ज्याच्यावरून ईमेल परत येत होती त्याच. आणि एजंटपाठोपाठ करांच्या आठवणीही गेल्या. कॉर्पोरेशनची तारीख १ मार्च, एलएलसीचे ३०० डॉलर १ जूनपर्यंत. चुकलं की २०० डॉलर दंड आणि महिना दीड टक्का व्याज.

काटकसरी मालक मला विचारतात, मीच एजंट झालो तर? राज्यात राहत असाल तर व्हा. बहुतेक ठिकाणी चालतं. फक्त घरचा पत्ता जाहीर दप्तरात जाईल, आणि मुलीच्या वाढदिवसाला केक कापताना दारात समन्स घेऊन माणूस उभा राहील, याची बायकोला कल्पना देऊन ठेवा.

कंपनी बंद करणाऱ्यांबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या व्यवसायात बारशाला सगळे असतात आणि तेराव्याला कोणी नसतं. एखाद्या मुलाचा स्टार्टअप बसतो. तो बंगळुरूला नोकरी धरतो. अमेरिकेतल्या कंपनीचं काय, तर ‘एजंटचे पैसे भरणं बंद केलं की ती आपोआप मरेल.’ सनद जाईल, हे खरं. पण थकलेला कर आणि दंड त्याने पुसले जात नाहीत. नीट मोडायची तर कर चुकवून विसर्जनाचा दाखला घ्यावा लागतो. तो घेतल्यावरही डेलावेअरची कॉर्पोरेशन दावे निपटण्यापुरती ३ वर्षं जिवंत धरतात, तेव्हा समन्स कुठे येईल याचा विचार मोडतानाच करायला हवा. दुसऱ्या राज्यातली नोंदणी वेगळी मागे घ्यायची. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पेनसिल्व्हेनियाचा कायदा उचलून धरला: तिथे नोंदणी केली म्हणजे तिथल्या न्यायालयात कुठल्याही दाव्याला उभं राहायची संमती दिली. फिलाडेल्फियातला तुमचा शेवटचा माणूस घरी परतला असेल, संमती अजून तिथेच आहे.

इथल्या कंपनी सचिवांना वाटत असेल, हे सगळं तिकडचं. कंपनी कायदा, २०१३ काढा. कलम १२ आपल्या कंपन्यांना नोंदणीकृत कार्यालय ठेवायला सांगतं, दारावर पाटी लावायला सांगतं, आणि स्थानिक लिपीतसुद्धा. म्हणून हिंजवडीत इंग्रजी नावाखाली देवनागरी दिसते. पण परदेशी कंपनी भारतात आली की कलम ३८० निव्वळ दारावर समाधान मानत नाही. समन्स आणि नोटिसा घेईल अशा भारतात राहणाऱ्या माणसाचं नाव-पत्ता द्या, म्हणतं. तो बदलला तर ३० दिवसांत कळवा. म्हणजे पाहुण्याच्या बाबतीत आपणही न्यायमूर्ती फील्ड यांच्याच वाटेने गेलो आहोत. आपल्यापैकी कितीजणांनी असं नाव एखाद्या जर्मन वा जपानी कंपनीसाठी दिलं आहे? हात वर करू नका, फक्त आठवा, ते काम सोडताना तुमचं नाव काढलं गेलं का.

आणखी एक, चहाला वेळ होतोय. एजंट बदलल्यावर सरकारी वाटतील अशी पत्रं येतात. गरुडाचं चित्र, जाड अक्षरात अंतिम तारीख, आणि भलत्याच रकमेची मागणी. पाठवणारा खासगी असतो. अशिलाला आधीच सांगून ठेवा, पैसे भरायच्या आधी फोन कर.

काल रात्री हे भाषण लिहून झालं आणि हॉटेलात सहज म्हणून मी माझ्या स्वतःच्या फर्मची न्यू जर्सीच्या दप्तरातली नोंद उघडली. एजंट म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव आहे. पत्ता आहे तो आम्ही सात वर्षांपूर्वी विकलेल्या घराचा. ते घर एका गुजराती कुटुंबाने घेतलं, फार सज्जन माणसं. दिवाळीला अजून आमची पत्रं आणून देतात. सोमवारी परतले की पहिला फॉर्म माझा.