मृतदेहाची साक्ष : शस्त्राघाताने होणारे मृत्यू आणि न्यायवैद्यक संशोधन

(मरोळ येथील रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाची संहिता)



वार्षिक अहवालाच्या निमित्ताने आम्ही आपणांसमोर येतो ते बहुधा बरे होऊन घरी गेलेल्या रुग्णांची हकिकत घेऊन. आज मात्र ज्यांना वाचविता आले नाही, त्यांच्याविषयी बोलावयाचे योजिले आहे. गोळी, सुरा, कोयता, लोखंडी सळई अथवा रस्त्यातला फरशीचा दगड, यांपैकी कशाने तरी ज्यांचा मृत्यू होतो, त्यांच्या देहाची तपासणी आणि त्या तपासणीतून उभे राहिलेले संशोधन, हा आजचा विषय आहे. विषय अप्रिय आहे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु अपघात विभागाच्या दारात उभे असलेले आप्त एकच प्रश्न विचारतात : "डॉक्टरसाहेब, माणूस तर गेलाच, आता चिरफाड कशाला? देह आमच्या ताब्यात द्या." या प्रश्नाला घाईच्या दोन वाक्यांत उत्तर देणे हा त्या कुटुंबावर अन्याय आहे. म्हणून ते उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

कायद्याची चौकट

अनैसर्गिक वा संशयास्पद मृत्यूची चौकशी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ तिच्या जागी आले आहे. पोलीस पंचनामा करतात आणि मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवितात. त्यासाठी नातेवाइकांची संमती कायद्याने आवश्यक मानलेली नाही. मुंबईत १८७१ च्या कायद्यानुसार कॉरोनरची स्वतंत्र व्यवस्था होती. ती १९९९ मध्ये संपुष्टात आली.

आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयात असे शवविच्छेदन होत नाही. अंधेरी-मरोळ भागातील मृतदेह बहुधा जुहूच्या कूपर रुग्णालयात आणि साकीनाक्याच्या बाजूचे अनेकदा घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात नेले जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सुविधा असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाची मुभा दिली. तथापि खून, आत्महत्या वा घातपाताचा संशय असलेली प्रकरणे, कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहिला नसेल तर, या सवलतीतून वगळली आहेत. रात्री आलेल्या कुटुंबाला सकाळपर्यंत थांबावे लागते, त्यामागे हे कारण असते. कोणाची बेपर्वाई असतेच असे नाही.

जखम काय सांगते?

गोळी त्वचेतून आत शिरताना भोकाभोवती खरचटल्याचे कडे उमटते. नळी देहाला टेकवून गोळी झाडली असेल, तर नळीच्या तोंडाचा ठसा उमटू शकतो. कवटीवर मात्र वायूच्या दाबाने जखम चांदणीसारखी फाटते. थोड्या अंतरावरून झाडली तर भोवती काजळी बसते. अंतर आणखी वाढले की काजळी नाहीशी होते आणि न जळलेल्या दारूच्या कणांचे बारीक ठिपके तेवढे त्वचेत रुततात. त्याही पलीकडे यांतले काहीच उरत नाही. कवटीत गोळी शिरते तेथे हाडाची आतली बाजू अधिक रुंद फुटते, आणि बाहेर पडते तेथे बाहेरची. एवढ्या खुणांवरून अंतर आणि दिशा यांविषयी मत देता येते. स्वतःच्या हाताने, झटापटीत की दूर उभ्या असलेल्या माणसाकडून, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा येथेच दडलेले असते.

आपल्या शहरात गोळीपेक्षा धारदार आणि बोथट हत्यारांचे घाव अधिक पाहावयास मिळतात. एका बाजूला धार असलेल्या सुऱ्याच्या जखमेचे एक टोक टोकदार आणि दुसरे बोथट राहते. मात्र जखमेच्या रुंदीवरून पात्याची रुंदी सरळ मोजता येत नाही. त्वचेतील ताणाच्या रेषांचा अभ्यास व्हिएन्नाचे शरीरशास्त्रज्ञ कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केला; त्या रेषांना आडवा बसलेला घाव उघडा पडतो आणि समांतर बसलेला मिटलेला राहतो. पोट दाबले जात असल्यामुळे जखमेची खोली पात्याच्या लांबीहून अधिकही भरते. तळहातावर आणि मनगटाच्या वरच्या भागावर आढळणारे काप मृताने स्वतःला वाचविण्याचा प्रयत्न केल्याचे सांगतात. न्यायालयात बोलू न शकणाऱ्या माणसाची हीच साक्ष होय.

गोळीवरील रेघांचे शास्त्र यापेक्षा अलीकडचे. एकाच वेळी दोन गोळ्या शेजारी ठेवून पाहता येतील असा तुलनात्मक सूक्ष्मदर्शक १९२० च्या दशकात अमेरिकेत या कामी आला. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत झालेल्या सात जणांच्या हत्याकांडात कॅल्विन गोडार्ड यांनी त्याच्या साहाय्याने पुरावा तपासला. आपल्याकडे हे काम १९५८ पासून मुंबईत कार्यरत असलेल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होते. ती आज कालिन्यास आहे, म्हणजे येथून फार दूर नाही.

मुंबईचे दोन अनुभव

२७ एप्रिल १९५९ रोजी नौदल अधिकारी कमांडर नानावटी यांच्या पिस्तुलातून सुटलेल्या गोळ्यांनी प्रेम आहुजा यांचा मृत्यू झाला. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. ज्युरींनी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने नानावटींना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. त्या वेळी जखमांचे स्थान व स्वरूप आणि मृताच्या कमरेस तसाच राहिलेला टॉवेल, या गोष्टी झटापटीच्या हकिकतीशी जुळत नाहीत, असे न्यायालयास आढळले. भावनेच्या भरात वाहून गेलेल्या शहरात देहावरील खुणा तेवढ्या स्थिर राहिल्या.

दुसरा अनुभव २६ नोव्हेंबर २००८ चा. त्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. एवढ्या मृत्यूंची एकेक नोंद, देहातून निघालेल्या गोळ्या, घटनास्थळीच्या पुंगळ्या आणि जप्त रायफली यांची सांगड घालणे, हे शवागारांचे आणि प्रयोगशाळेचे काम होते. त्याच प्रसंगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हुतात्मा हेमंत करकरे यांचे चिलखती जाकीट सापडत नसल्याचे २००९ मध्ये उघड झाले. ते कितपत उपयोगी ठरले असते, हा त्यांच्या कुटुंबाचा आणि साऱ्या पोलीस दलाचा रास्त प्रश्न होता. त्याचे उत्तर देऊ शकणारी वस्तूच हाती राहिली नाही.

उपचार आधी, परंतु पुरावाही जपून

याच ठिकाणी आमच्यासारख्या रुग्णालयाची जबाबदारी सुरू होते. शस्त्राघात झालेला माणूस आधी आमच्याकडे येतो, शवागारात नव्हे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितले, की जखमी माणूस निरपराध असो वा गुन्हेगार, कागदपत्रांसाठी न थांबता त्याचे प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. २६ नोव्हेंबरच्या रात्री पकडलेल्या हल्लेखोरालाही नायर रुग्णालयात नेण्यात आले होते, हे आपणांस स्मरत असेल.

प्राण वाचविण्याच्या धडपडीत शर्ट कापावा लागतो. तो गोळीच्या भोकातून न कापता बाजूने कापला, तर उपचाराला एक क्षणही उशीर होत नाही आणि काजळीची खूण शाबूत राहते. रक्ताचे कपडे ओले असताना प्लास्टिकच्या पिशवीत भरले तर कुजतात. ते सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावे लागतात. देहातून काढलेली गोळी दातेरी चिमट्याने पकडली तर तिच्यावर नवे ओरखडे उठतात आणि कालिन्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली ती निरुपयोगी ठरू शकते. जखमेतूनच नळी घातली किंवा ती शस्त्रक्रियेसाठी वाढविली, तर तसे केसपेपरवर लिहून ठेवावे लागते. अन्यथा पुढे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची दिशाभूल होते. या साऱ्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. शिस्त लागते, आणि ती रात्री दोन वाजताच्या पाळीतही टिकावी लागते.

जिवंतांसाठी

हे संशोधन केवळ आरोपीला शिक्षा होण्यापुरते आहे, असे मात्र नाही. ब्रिटनमधील कार्डिफ शहरात शल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांच्या ध्यानात आले, की मारहाणीतील कितीतरी जखमी रुग्णालयात येतात, पण पोलिसांपर्यंत पोहोचत नाहीत. मग रुग्णाचे नाव न घेता घटनेची जागा, वेळ आणि हत्यार एवढीच माहिती नोंदवून पोलीस व नगरपालिकेस देण्याची पद्धत तेथे सुरू झाली. त्याच प्रकारच्या इतर शहरांशी तुलना करणारा अभ्यास २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. कार्डिफमध्ये हिंसाचारामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण घटल्याचे त्यात दिसून आले. कोणत्या नाक्यावर, कोणत्या वेळी सुरे निघतात हे कळले, तर पुढचा घाव टाळता येतो.

आमची विनंती

देणगीदारांस आमची विनंती आहे, की या कामाकडेही आपली दृष्टी वळावी. अपघात विभागात कुलूपबंद कपाट, कपडे वाळविण्याची सोय, मोजपट्टीसह छायाचित्रे घेण्याचा कॅमेरा, परिचारिका व निवासी डॉक्टरांसाठी न्यायवैद्यक शास्त्राच्या अध्यापकांकडून नियमित प्रशिक्षण, आणि आप्तांसोबत शवागारापर्यंत जाणारा समाजसेवक, एवढ्या पाच गोष्टी आम्हांस हव्या आहेत. पाटीवर नाव कोरता येईल अशी यांतली एकही नाही. तरीही ती देणगी एखाद्या आईला न्यायालयात उपयोगी पडेल.

कुटुंबीयांस एवढेच सांगणे, की कोणावर वार झाला तर रुतलेला सुरा ओढून काढू नये. त्याने रोखलेले रक्त भळभळून वाहते. तो जागीच स्थिर ठेवून भोवती कापड बांधावे. हत्यार रुतलेले नसेल तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि तातडीने जवळचे रुग्णालय गाठावे. अंगावरचे कपडे धुऊ वा टाकू नयेत. दुर्दैवाने मृत्यू ओढवलाच, तर शवविच्छेदनास विरोध करू नये. देह शिवून, झाकून आपल्या स्वाधीन केला जातो; दफन असो वा दहन, अंत्यविधी आपल्या रीतीप्रमाणे करता येतो. पोलिसांकडून अहवालाची प्रत मागावी आणि जपून ठेवावी.

चिरफाड कशाला, या प्रश्नाचे आमचे उत्तर हे आहे. गेलेल्या माणसाला सांगावयाचे असते ते ऐकून घेण्याची ती शेवटची संधी आहे. ती संधी आपल्या सहकार्याने वाया जाऊ नये, अशी आमची प्रार्थना आहे.