जकात : एक शब्द, दोन कर
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



कर हा विषय ऐकून मागच्या बाकावरील काहींनी दाराकडे पाहिले, ते माझ्या लक्षात आले आहे. मी अर्थशास्त्राचा पंडित नाही. इतिहास-भूगोल शिकवणारा एक बी.ए., बी.एड. शिक्षक आहे. तरीही हा विषय निवडला, त्याला दोन कारणे घडली.

पहिले कारण आमच्या शिक्षकांच्या खोलीतले. मधल्या सुट्टीत एक सहकारी तावातावाने म्हणाले की, प्राप्तिकर अजिबात रद्द करावा. जो जितका खर्च करील त्याच्याकडून त्या खर्चावर कर घ्यावा, म्हणजे चोरी नाही, विवरणपत्र नाही, कारकुनी नाही. २०२५ पूर्वी माझ्याही फेब्रुवारीच्या पगाराला अशी कात्री लागत असे की, त्या महिन्यात किराणावाल्यास तोंड चुकवावे लागे. तेव्हा मीही मान डोलावली.

दुसरे कारण त्यानंतर आठ दिवसांनी घडले. नववीतील एका मुलीचे वडील शाळेत आले. गाद्या-रजया भरण्याचा त्यांचा धंदा. मुलगी हुशार. शिष्यवृत्तीचा अर्ज मी त्यांच्यापुढे ठेवला, तर ते सही करावयास तयार होईनात. त्यांचे म्हणणे असे की, सर, आम्ही सरकारला एक पैसा कर देत नाही, मग सरकारपुढे हात कोणत्या तोंडाने पसरावा? माणूस स्वाभिमानी होता. पण त्याचा हिशेब चुकला होता, आणि त्या चुकीपायी मुलीचे नुकसान होणार होते. त्यांना बसवून घेतले, कागद-पेन्सिल काढली. तो हिशेब पुढे सांगतो.

आधी एका शब्दाची गंमत पाहा. गावाच्या वेशीवरचा जकात नाका तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. गाडीत कापूस असो, गूळ असो की धान्य, नाक्यावर पैसे मोजल्याशिवाय आत प्रवेश नाही. महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि मुंबईसारख्या महानगरात ती २०१७ पर्यंत चालली. हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला. मूळ अरबी. आपल्या घरात रमजानमध्ये जी जकात काढतात, तीच ही. पण शब्द वेशीवर येता येता अर्थ उलटा झाला. घरातली जकात शिलकेवर आहे. ठरावीक मर्यादेहून अधिक संपत्ती वर्षभर जवळ राहिली तर तिचा चाळिसावा हिस्सा. राहते घर, कारागिराची हत्यारे यांवर काही नाही. ज्याच्याजवळ शिल्लक नाही त्याच्याकडून काही घ्यावयाचे नाही, उलट त्याला द्यावयाचे. वेशीवरची जकात मात्र गाठोड्यावर होती. गाठोडे कोणाच्या डोक्यावर आहे, त्याच्या घरी आज चूल पेटली की नाही, हे नाकेदार विचारीत नसे. एकच शब्द, पण एक कर माणसाची ऐपत पाहतो आणि दुसरा फक्त माल पाहतो.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शहरात माल विकावयास आणणाऱ्या शेतकऱ्यावरील जकातीबद्दल आणि मिठावरील कराबद्दल त्यांनी त्यात कोरडे ओढले आहेत. पुढे १९०२ साली नामदार गोखल्यांनी कायदेमंडळात अंदाजपत्रकावर भाषण केले. त्या वेळी मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. गोखल्यांनी दोन गोष्टी एकत्र मागितल्या, हे ध्यानात घ्या. मिठावरचा कर कमी करा, आणि प्राप्तिकराची माफीची मर्यादा वार्षिक पाचशे रुपयांवरून हजारावर न्या. १९०३ मध्ये दोन्ही झाले. मिठाचा कर आठ आण्यांनी उतरला. म्हणजे गरिबाच्या ताटातले मीठ आणि कारकुनाचा पगार या दोहोंना दिलासा त्यांनी एकाच वेळी मागितला. या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची हुशारी त्या काळी सुचली नसावी.

मिठाची पुढची कहाणी तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचता. १९३० साली दांडीयात्रा झाली. आपल्या विदर्भाला समुद्र नाही, म्हणून अकोल्याकडे दहीहंड्याला खाऱ्या पाण्यापासून मीठ केले, आणि पुसदला लोकनायक अण्यांनी जंगल सत्याग्रह केला. मीठच का? कारण करोडपती आणि मजूर मीठ जवळपास सारखेच खातात. म्हणून कर दोघांवर सारखाच, आणि म्हणूनच अन्याय्य. हा कर गेला तो १९४७ च्या अंदाजपत्रकात. अंतरिम सरकारचे अर्थखाते तेव्हा लियाकत अली खान यांच्याकडे होते. त्यांनी मीठ करमुक्त केले आणि व्यापारातील मोठ्या नफ्यावर नवा कर बसवला. त्यांचे पुढचे राजकारण काहीही असो, त्या एका कागदावर ओझे एका खांद्यावरून दुसऱ्यावर कसे न्यावे हे स्पष्ट दिसते. नफेवाल्यांनी ओरड केली, हेही सांगितले पाहिजे.

आता आमच्या सहकाऱ्यांची बाजू. ती पोकळ नाही. केंब्रिजचे प्राध्यापक निकोलस काल्डॉर १९५६ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून आले. त्या वेळी अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. काल्डॉर यांचा विचार असा की, माणूस समाजाच्या साठ्यात काय घालतो यावर कर बसवण्यापेक्षा त्यातून काय काढून घेतो यावर बसवणे अधिक योग्य. मेहनत करणाऱ्यास व बचत करणाऱ्यास शिक्षा कशाला? मात्र त्यांचा खर्चकर दुकानात वसूल होणारा नव्हता. श्रीमंत माणसाने वर्षभरात एकूण किती उधळले ते मोजून, जितकी उधळपट्टी मोठी तितका दर चढता. तो प्राप्तिकराच्या जागी नव्हे, जोडीला आला. १९५७ मध्ये कायदा झाला. १९६२ मध्ये रद्द, १९६४ मध्ये पुन्हा आणला, १९६६ मध्ये पुन्हा रद्द. वसुली नाममात्र. माणसाची मिळकत शोधणे जर कठीण, तर त्याने कोठे काय खर्च केले हे शोधणे दुप्पट कठीण, असा अनुभव आला.

दुसरा प्रयोग आपल्याच मराठवाड्यातून निघालेला. श्री. अनिल बोकील यांच्या अर्थक्रांतीची मांडणी अशी की, आयातकर सोडून बाकी सगळे कर रद्द करावेत आणि बँकेतून होणाऱ्या प्रत्येक व्यवहारावर छोटासा कर घ्यावा. हिच्यावर महाराष्ट्रात खूप व्याख्याने झाली, मीही एक ऐकले आहे. अमेरिकेतही प्राप्तिकर काढून देशभर एकच विक्रीकर लावण्याचे विधेयक १९९९ पासून पुनःपुन्हा मांडले जाते, मंजूर मात्र झालेले नाही. त्यात दर तेवीस टक्के सांगतात. पण विद्यार्थ्यांनो, गणित नीट करा : शंभर रुपये दिले तर तेवीस कर, म्हणजे सत्त्याहत्तरच्या वस्तूवर तेवीस. आपल्या नेहमीच्या रीतीने मोजले तर जवळजवळ तीस टक्के! गरिबास भार पडू नये म्हणून प्रत्येक कुटुंबास दरमहा काही रक्कम परत देण्याची तजवीज त्या विधेयकात आहे. म्हणजे कर मांडणाऱ्यांनाच ठाऊक आहे की, नुसता खर्चावरचा कर गरिबाला सोसणार नाही.

आता त्या गादीवाल्या पालकांबरोबर मांडलेला हिशेब. महिन्याचे पंधरा हजार येतात, पंधराच्या पंधरा खर्च होतात. समजा, सगळ्या खर्चावर वीस टक्के कर धरला, तर तीन हजार गेले, म्हणजे मिळकतीचा पाचवा भाग. दुसऱ्या एका घरी महिना एक लाख येतात, त्यातील पन्नास हजार खर्च होतात आणि पन्नास बँकेत, जमिनीत, शेअरमध्ये जातात. त्यांचा कर दहा हजार. आकडा मोठा दिसतो, पण मिळकतीचा दहावाच भाग. ज्याला बचत परवडत नाही त्याच्यावर दुप्पट ओझे. आज तसे पूर्ण होत नाही, कारण खर्चावरचा कर व मिळकतीवरचा कर दोन्ही आहेत. केंद्राच्या एकूण करांपैकी निम्म्याहून अधिक भाग प्राप्तिकर व कंपनीकर यांतून येतो. हे काढले तर तेवढा खड्डा साबण, कापड, चपला यांवरच भरावा लागेल.

आणि आजही ते गृहस्थ कर देतात! १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे दर उतरले, वह्या-पेन्सिली करमुक्त झाल्या, ही आनंदाची गोष्ट. मीठही करमुक्तच आहे. पण साबणावर पाच टक्के आहे, मुलीच्या चपलेवर आहे, मोबाइलच्या रिचार्जवर अठरा आहे. मोपेडमध्ये भरलेल्या पेट्रोलवर केंद्राचाही कर आहे आणि राज्याचाही. त्यांच्या घरचा सगळा हिशेब लिहून झाला तेव्हा ते काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, हे कोणी सांगितलेच नव्हते. अर्जावर सही झाली.

उलट माझे पाहा. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या वार्षिक मिळकतीवर प्राप्तिकर पडत नाही, पगारदारास आणखी पाऊण लाखाची सूट. म्हणजे आज मी प्राप्तिकर देत नाही, आणि तरी मला कोणी फुकट्या म्हणत नाही! माझ्या पगारातून व्यवसायकर तेवढा कापला जातो, वर्षाचे अडीच हजार. तो १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातील पगारदाराने द्यावे आणि दुष्काळात खेड्यातील मजुरास काम मिळावे, हा त्यामागील हेतू. हा कर कापला जातो तेव्हा मी कुरकुर करीत नाही. पैसा कोठे जातो हे माहीत असले की कर जड वाटत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

वर्ध्याचे नाव या विषयात एका फार महत्त्वाच्या जागी येते. १९३७ साली प्रांतांत लोकांची मंत्रिमंडळे आली. दारूबंदी करावयाची होती. पण प्रांतांच्या शाळा चालत होत्या त्या बऱ्याच अंशी दारूच्या उत्पन्नावर! बापाने गुत्त्यात पैसे टाकावेत आणि त्यातून पोराची पाटी यावी, ही गांधीजींना क्रूर थट्टा वाटली, आणि त्यांनी तसे ‘हरिजन’मध्ये लिहिले. मग शाळांना पैसा कोठून? याच प्रश्नासाठी २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे राष्ट्रपती झाले, ते समितीचे अध्यक्ष. हस्तकलेतून शिक्षण हा विचार त्यांना मान्य होता. परंतु मुलांच्या कामातूनच शाळेचा खर्च निघावा, या आग्रहात मुले कामगार होतील, हा धोका त्यांनी गांधीजींच्या समोर बोलून दाखवला. केवढे धैर्य! शाळेचा खर्च मुलांच्या हातांवर नको आणि बापाच्या व्यसनावरही नको, तर तो समाजाच्या मिळकतीवरच यावयास हवा, असा अर्थ मी त्यातून काढतो. आपल्या जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. ती किती पाळली जाते, हा वेगळा विषय, आणि तो या व्यासपीठावर मी काढणार नाही.

सहकाऱ्यांना मी शेवटी एवढेच सांगितले की, पगारदाराचा कर आधीच कापून जातो आणि रोखीत कमावणारा निसटतो, ही तुमची तक्रार खरी. पण त्यावर इलाज निसटणाऱ्यास पकडण्याचा आहे. प्राप्तिकर गेला तर कोणाची मिळकत किती, हे विचारावयासच कोणी उरणार नाही, आणि मग शिष्यवृत्तीच्या अर्जास जोडण्याच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर आणखी कोणता भरवसा ठेवावा? ते अजून पटलेले नाहीत. मधल्या सुट्टीत वाद चालू असतो.

विद्यार्थ्यांनो, नववी-दहावीच्या वर्गासाठी मी एक वही घातली आहे. घरातील एका महिन्याची बिले आणावयाची, ज्यांना बिल मिळत नाही त्यांनी आईला विचारून खर्च लिहून आणावयाचा, आणि प्रत्येक ओळीसमोर कर किती ते शोधून भरावयाचे. आतापर्यंत अकरा घरांचे हिशेब आले आहेत. उरलेल्यांनी शनिवारपर्यंत आणावेत.