बावीस फुटांचं बिऱ्हाड

आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घ्यायची म्हटलं की मराठी घरात हिशेब सुरू होतो तो डोक्यांचा. आपण दोघं, मुलं दोन, त्यात आई-बाबा भारतातून आलेले. मग तीस फुटीच घेऊ, ऐसपैस होईल. कॅन्ससच्या सपाटीवर हा हिशेब चालतो. नैऋत्य कोलोरॅडोतल्या सान हुआन पर्वतात मात्र आधी रस्त्याला विचारावं लागतं आणि माणसं नंतर मोजावी लागतात.

या पर्वताच्या कुशीतलं यूरे हे गाव समुद्रसपाटीपासून ७,७९२ फुटांवर आहे. वस्ती हजाराच्या आत. तीन बाजूंनी कडे, उत्तरेकडे तेवढी वाट मोकळी. गावाला नाव यूट जमातीच्या प्रमुखाचं. पण १८७६ च्या सुमारास चांदीसाठी माणसं इथे धावली आणि पाचच वर्षांत, १८८१ मध्ये, त्याच्या जमातीला इथून हुसकून युटामध्ये पाठवण्यात आलं. पुढे १८९६ मध्ये थॉमस वॉल्श या आयरिश माणसाला वरच्या अंगाला कँप बर्ड खाणीत सोनं लागलं. त्याच्या मुलीने, एव्हलिनने, १९११ मध्ये कार्तिएकडून होप हिरा घेतला. तो निळा हिरा मूळचा गोवळकोंड्याकडचा, कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीतला मानतात. श्रीमंती कुठून कुठे फिरते पाहा.

आज गाव जगतं ते पर्यटकांवर. मुख्य रस्ता म्हणजेच हायवे ५५०, दोन्ही बाजूंना खाणकाळातल्या विटांच्या इमारती. आरव्ही पार्कात एकदा वीज-पाण्याची जोडणी केली की गाडीला हात लावायची गरज उरत नाही. २८५ फुटांचा बॉक्स कॅन्यन धबधबा चालत गाठता येतो. १९२७ पासूनचं गरम झऱ्याचं तळंही पायी अंतरावर आहे, आणि वज्रेश्वरीच्या कुंडांची सवय असलेल्यांना तिथे एका गोष्टीचं नवल वाटतं: या पाण्याला गंधकाचा वास नाही.

गावातून दक्षिणेकडे निघालं की मात्र खरी परीक्षा. सिल्व्हर्टन गावापर्यंतच्या या पंचवीसेक मैलांना मिलियन डॉलर हायवे म्हणतात. १८८० च्या दशकात ऑटो मियर्स या कंत्राटदाराने इथे टोलचा रस्ता कोरला. रेड माउंटन खिंडीची उंची ११,०१८ फूट, म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी खिंड वरच राहते. बाजूला शेकडो फूट दरी आणि मोठ्या पट्ट्यात कठडाच नाही. हा हलगर्जीपणा नव्हे. हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ दरीत लोटायला कड मोकळी लागते. बर्फ हटवताना हिमलोटाखाली गेलेल्या तीन चालकांचं स्मारक याच रस्त्यावर आहे. १९७०, १९७८ आणि १९९२ सालचे ते अपघात.

अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते. त्यामुळे यूरेहून सिल्व्हर्टनकडे निघालेला चालक दरीच्या बाजूला असतो, उलटा येणारा डोंगराच्या बाजूला. म्हणून मोठी गाडी प्रथमच हाती घेणाऱ्याने दक्षिणेकडच्या दुरँगोहून वर यावं, सिल्व्हर्टनला थांबावं आणि मग यूरेत उतरावं. उतरताना ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा नाही. गिअर खाली टाकायचा आणि इंजिनाला गाडी धरू द्यायची. ‘ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर’ हे खंबाटकी-वरंध्याच्या जुन्या ड्रायव्हरांचं सांगणं ऑटोमॅटिक गाडीलाही तितकंच लागू आहे. मागे गाड्यांची रांग लागली की दिसेल त्या टर्नआउटला, म्हणजे रस्त्याकडेच्या थांबायच्या जागेत, बाजूला व्हावं. त्यात कमीपणा काही नाही.

आता लांबीचा मुद्दा. यूरेहून उत्तरेला, माँट्रोझजवळ ब्लॅक कॅन्यन ऑफ द गनिसन हे राष्ट्रीय उद्यान आहे. हा दर्जा त्याला १९९९ मध्ये मिळाला. ग्रँड कॅन्यन पाहिलेल्यांनाही इथे गरगरतं, कारण ही घळ रुंद नाही. नदीपाशी एके ठिकाणी तर ती जेमतेम ४० फूट आहे. पेंटेड वॉल हा इथला २,२५० फुटांचा उभा कडा कोलोरॅडोत सर्वांत उंच. काठावरून पाहायला कुठलीही गाडी चालते. पण तळाशी, नदीपर्यंत उतरणारा ईस्ट पोर्टलचा रस्ता १६ टक्के उताराचा आहे आणि २२ फुटांहून लांब वाहनाला तिथे मज्जाव आहे. तळाशी गनिसन बोगद्याचं तोंड लागतं. जवळपास सहा मैलांचा हा बोगदा नदीचं पाणी पलीकडच्या अनकंपाग्रे खोऱ्यातल्या शेतांना देतो. १९०९ मध्ये अध्यक्ष टाफ्ट त्याच्या उद्घाटनाला आले होते. कोयनेचं पाणी बोगद्यातून कोकणात पडताना पाहिलेल्या माणसाला ही जागा चुकवणं परवडणार नाही. २०२५ च्या जुलैत वीज पडून लागलेल्या वणव्यात उद्यानाचा दक्षिण काठ होरपळला, तेव्हा काय खुलं आहे ते निघण्यापूर्वी तपासावं.

दक्षिणेकडच्या मेसा व्हर्डी राष्ट्रीय उद्यानात नियम आणखी कडक. तिथल्या वेदरिल मेसाच्या रस्त्याला २५ फूट लांबी आणि ८,००० पौंड वजन अशी दुहेरी मर्यादा आहे. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली क्लास सी गाडी लांबीत बसली तरी वजनात नापास होते. ट्रेलर असेल तर तो मोरफील्डच्या कँपग्राउंडपुढे नेताच येत नाही. म्हणून चौघांपर्यंत कुटुंब असेल तर लहानात लहान गाडी घ्यावी, आणि आजी-आजोबांसह मोठीच हवी असेल तर ती पार्कात उभी ठेवून दोन दिवसांसाठी छोटी कार किंवा यूरेत जीप भाड्याने घ्यावी. घर सोबत असणं हा आरव्हीचा गुण खरा; ते घर प्रत्येक ठिकाणी फिरवलंच पाहिजे असं नाही. आणि लांबी मोजायची ती बंपरपासून बंपरपर्यंत, मागचा सायकलींचा रॅक धरून.

खर्चाचं थोडक्यात. रात्रीचं भाडं हा बिलाचा फक्त मथळा असतो. खाली मैलांचे पैसे, जनरेटरच्या तासांचे पैसे, अंथरुणा-भांड्यांचे पैसे, विमा. पेट्रोलही गॅलनला आठ-दहा मैल अशा बेताने धरावं.

मैल्याच्या टाकीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण या विषयावर मराठी माणसं एकतर हसतात किंवा गप्प बसतात. ब्लॅक टँक संडासाची, ग्रे टँक मोरीच्या आणि बेसिनच्या पाण्याची. पार्कात पाइप जोडलेला असला तरी ब्लॅकची झडप बंदच ठेवायची; उघडी ठेवली तर पाणी निघून जातं आणि घट्ट ते आत साठून बसतं. टाकी बऱ्यापैकी भरली की हातमोजे घालून आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाचं पाणी मागून येऊन पाइप धुऊन निघतो. क्रम चुकला तर काय होतं ते कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. हे काम नव्या जावयाकडे सोपवू नये.

स्वयंपाकाचंही तंत्र बदलतं. यूरेत पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं, सिल्व्हर्टनला आणखी कमी. पातेल्यात टाकलेली तूरडाळ तासभर रटरटली तरी दाणा टणक तो टणकच. कुकर न्यावा, दोन-तीन शिट्ट्या जास्त द्याव्यात, आणि फोडणी देताना छताची झडप उघडून पंखा लावावा, नाहीतर धुराची घंटा ठणाणा करते आणि शेजारच्या तंबूतले लोक बाहेर येतात. उरलेलं अन्न टेबलावर ठेवून झोपू नये; अस्वलांना आमटीही चालते.

शेवटी तिकिटांचं. मेसा व्हर्डीत कड्याच्या खोबणीत बांधलेली क्लिफ पॅलेस ही सुमारे दीडशे खोल्यांची वस्ती पाहायची, तर शिड्या चढण्याची तयारी हवी आणि रेंजरसोबतच्या फेरीचं तिकीट हवं. ही तिकिटं रिक्रिएशन डॉट गव्हवर १४ दिवस आधी, माउंटन टाइमनुसार सकाळी ८ ला खुली होतात आणि उन्हाळ्यात बघता बघता संपतात. सकाळी १० च्या तत्काळसाठी घड्याळाकडे डोळे लावून बसलेल्या पिढीला याचं वेगळं शिक्षण लागणार नाही.