पन्नाशीनंतरचे ऑस्लो

परदेशात राहिलेला चित्रकार तिथे गेला म्हणूनच घडला, असे आपण सहज धरून चालतो. काहींच्या बाबतीत ते खरेही असते. पोलंडचा व्लादिस्लाव श्लेविन्स्की तिशी ओलांडल्यावर, १८८८ साली पॅरिसला आला आणि फ्रेंच चित्रकार गोगँच्या सहवासात चित्रकार झाला. अंबादास खोब्रागडे यांचे मात्र तसे नाही. अकोल्यात १९२२ साली जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, विणकर सेवा केंद्रात नोकरी केलेले अंबादास १९७२ साली नॉर्वेला गेले, तेव्हा पन्नाशीला पोचले होते. पुढची चाळीस वर्षे, अखेरपर्यंत, ते ऑस्लोत राहिले. पण त्यांची चित्रभाषा त्याआधीच ठरलेली होती: पातळ केलेला तैलरंग, त्यातून वळत, गुंतत धावणारे ब्रशचे फटकारे, आणि माणूस, झाड, घर यांचा मागमूसही नाही.

यावर कोणी म्हणेल, अमूर्त चित्र हीच मुळी युरोपची उसनवारी; मग नॉर्वेला जाण्याआधी की नंतर, फरक काय पडतो? या आक्षेपाचे उत्तर १९६३ सालच्या दिल्लीत सापडते. तिथे ‘ग्रुप १८९०’ या बारा कलावंतांच्या गटाचे पहिले आणि एकमेव प्रदर्शन भरले. उद्घाटन नेहरूंनी केले, पुस्तिकेची प्रस्तावना मेक्सिकन कवी ऑक्टाव्हियो पाझ यांनी लिहिली. चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने निघालेल्या त्या गटाच्या जाहीरनाम्याने रविवर्म्याची वाट नाकारली, बंगाल शैलीची नाकारली, आणि युरोपीय आधुनिकतेची नक्कलही तितक्याच ठामपणे नाकारली. अंबादास या गटाचे संस्थापक सदस्य होते. उसनवारीचा धोका त्यांना आपल्याआधी कळला होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चाळीस वर्षांचे वास्तव्य माणसावर काहीच खूण ठेवत नाही का? ठेवत असणारच. पण त्यांच्या रंगांत कोणी नॉर्वेचा बर्फ शोधतो, कोणी वऱ्हाडची काळी माती; दोघेही ज्याने निसर्गदृश्य सोडले त्याच्याकडे निसर्गदृश्यच मागत असतात. ऑस्लोने त्यांना निवांतपणा दिला, आणि त्याची किंमत आपल्या विस्मरणाने वसूल झाली. उलट, नागपुरात जन्मलेले अमूर्त चित्रकार गायतोंडे यांचे नाव आज सर्वतोमुखी आहे. गायतोंडे रंग थरांत निवत ठेवतात, अंबादास तो थांबूच देत नाहीत. महाराष्ट्राची अमूर्त चित्रकला समजून घ्यायची, तर ही दोन्ही कामे शेजारी टांगून पाहावी लागतील.