वाळूंतलें घरटें

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उन्हाळी सुटीच्या दिवसांतच टिटवीच्या कुळांतील एक वाळूच्या रंगाचा लहानसा पक्षी उघड्या वाळूंतल्या उथळ खळग्यांत चार अंडीं घालतो. 'पायपिंग प्लव्हर' हें त्याचें नांव. समुद्रस्नानास आलेल्या मंडळींना तें घरटें दिसतच नाहीं. कुत्रें मोकळें सुटलें किंवा मुलानें पतंग उडविला, कीं अंडीं उबविणारा पक्षी उठतो. पतंग त्याला ससाणाच भासतो; श्रोत्यांनीं हंसूं नये! मोडक्या पंखाचें सोंग घेऊन तो कुत्र्याला दूर नेतो खरा. पण तेवढ्या वेळांत अंडीं उन्हांत तापतात, नाहीं तर कावळा वा कुरव तीं पळवितो. पिलें कांहीं तासांतच स्वतः चरूं लागतात, परंतु उडावयास त्यांना सुमारें महिना लागतो. सारा दिवस पळण्यांतच गेला, तर तीं खाणार केव्हां?

१९८६ सालीं या पक्ष्याला कायद्याचें संरक्षण मिळालें, तेव्हां त्या राज्यांत दीडशेंहूनही कमी जोडपीं उरलीं होतीं. उपाय अगदीं साधा निघाला. घरट्यांभोंवतीं खुंट्या ठोकून दोरी ताणावयाची, कुत्रीं बांधावयाचीं, मोटारी अडवावयाच्या. सुटीचा विरस झाल्याची कुरकूर तेथें अजूनही ऐकूं येते. जोडपीं मात्र आज हजारावर गेलीं आहेत.