भ्रमणध्वनीचे रेडिएशन आणि बॅटरीची बचत

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त देवळी येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीतील केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले आणि भारतात या सेवेचा प्रारंभ झाला. त्या काळी येणाऱ्या कॉलचेही पैसे द्यावे लागत. साहजिकच माणसे मोजके बोलत. २००३ मध्ये येणारे कॉल निःशुल्क झाले, पुढे जाणारे कॉलही जवळजवळ फुकट झाले, आणि जे यंत्र दिवसाकाठी चार-दोन मिनिटे कानाला लागे ते तासन् तास कानाशी, खिशात व उशाशी राहू लागले.

देवळीसारख्या गावात या यंत्राविषयी दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक, बॅटरी दिवसभर टिकत नाही. दुसरी, टॉवरच्या रेडिएशनने रोग होतात. पहिली तक्रार दुकानदाराकडे जाते, दुसरी नगरपरिषदेकडे. या दोन्हींचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

भ्रमणध्वनी हे केवळ ऐकण्याचे यंत्र नव्हे, ते एक छोटे प्रक्षेपण केंद्र आहे. बोलणाऱ्याचा शब्द त्याला टॉवरपर्यंत पोहोचवावा लागतो आणि त्यासाठी किती जोर लावायचा हे टॉवरच त्याला क्षणोक्षणी कळवीत असतो. आठवडी बाजारात समोरच्या गिऱ्हाइकाशी माणूस हळू बोलतो, पण रस्त्यापलीकडच्याला हाक मारायची तर त्याला ओरडावे लागते. फोनचेही तसेच आहे. जुन्या टूजी पद्धतीत ९०० मेगाहर्ट्झवर फोन क्षणिक २ वॉटपर्यंत जोर लावू शकतो, आणि टॉवर जवळ व मार्ग मोकळा असेल तर तोच फोन वॉटच्या काही हजारांश भागावर काम भागवतो. फोरजीच्या फोनची कमाल मर्यादा सुमारे ०.२ वॉट आहे आणि गरज नसेल तेव्हा तो त्याहून कितीतरी खाली उतरतो. हा जोर बॅटरीतून येतो आणि त्याचा काही भाग कानाशेजारच्या मांसपेशींत जिरतो. म्हणजे ज्या क्षणी प्रक्षेपणासाठी बॅटरी अधिक खर्च होते, त्याच क्षणी शरीरावर लहरींचा माराही अधिक होतो. एक वाचवले की दुसरे आपोआप वाचते. व्यवहाराच्या भाषेत, एकाच खरेदीत दोन लाभ.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. वृत्तपत्रे ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द युरेनियमसाठीही वापरतात आणि फोनसाठीही, त्यामुळे विनाकारण धास्ती वाढते. फोनच्या रेडिओलहरींत अणूतून इलेक्ट्रॉन उखडून काढण्याइतकी शक्ती नसते. क्ष-किरणांत ती असते. रेडिओलहरींचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता, आणि तीही अल्प. ३१ मे २०११ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २-ब गटात घातले. त्याच गटात काही आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्याही आहेत. २०२४ मध्ये याच संघटनेने करवून घेतलेल्या व्यापक आढाव्यात भ्रमणध्वनीचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. तेव्हा भीतीने फोन फेकून देण्याचे कारण नाही. परंतु फुकट टाळता येणारी गोष्ट टाळावी, हा व्यापारी हिशेब येथेही लागू पडतो.

टॉवरविषयी महाराष्ट्रात पुष्कळ चर्चा झाली. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार विभागाला टॉवरच्या रेडिएशनविषयी अहवाल दिला. १ सप्टेंबर २०१२ पासून केंद्र शासनाने टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला ४.५ वॉटवरून ०.४५ वॉट झाली. त्याच दिवसापासून फोनसाठीही शरीरात जिरणाऱ्या शक्तीची मर्यादा दर किलोग्रॅमला १.६ वॉट ठरली. फोनवर स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश दाबले असता बहुतेक फोनचा हा आकडा दिसतो. मात्र तो प्रयोगशाळेत पूर्ण जोरावर मोजलेला असतो. कमी आकड्याचा फोन दुबळ्या सिग्नलमध्ये वापरला, तर अधिक आकड्याच्या पण चांगल्या सिग्नलमधील फोनहून तो जास्त मारा करू शकतो.

आणि येथेच टॉवरविरोधी तक्रारीतील विसंगती ध्यानात येते. वस्तीतील टॉवर दूर हाकलला म्हणजे रेडिएशन दूर गेले, असे वाटते. प्रत्यक्षात छतावरच्या टॉवरची लहर घरापर्यंत येईतो फार विरळ होते, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते. कानाला लागलेल्या फोनचे अंतर तर शून्यच! टॉवर दूर गेल्यावर तोच फोन अधिक जोराने ओरडू लागतो. नियम मोडणाऱ्या टॉवरची तपासणी जरूर मागावी. पण टॉवरच नको म्हणणाऱ्याने आपल्या घरातील प्रत्येक फोनचा जोर वाढवून घेतला, हेही समजून घ्यावे.

सिग्नलचा दुबळेपणा ओळखायला रेघा पुरेशा नाहीत. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या स्थितीखाली ‘डीबीएम’ हा आकडा दिसतो. उणे ७० चांगला, उणे ११० वाईट. दर दहाच्या फरकाने शक्ती दहापट कमी होते, म्हणजे उणे ८० आणि उणे ११० यांत हजारपटींचे अंतर आहे. जिनिंगच्या टिनाच्या शेडखाली, लोखंडी शटर ओढलेल्या दुकानाच्या मागील गोदामात, जुन्या वाड्याच्या जाड भिंतींआड हा आकडा कोसळतो. चार पावले दाराशी येऊन बोलले तरी दोन्ही बाजूंनी लाभ होतो. २०२४ मध्ये वर्ध्याहून देवळी-भिडीमार्गे कळंबपर्यंत रेल्वे सुरू झाली. तिच्या लोखंडी डब्यात दीर्घ संभाषण करणे दुहेरी तोट्याचे: एक तर धातूचे आवरण, शिवाय धावत्या गाडीत टॉवर सारखे बदलत राहतात. तेथे लघुसंदेश पुरे. घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू ठेवावे. राउटर खोलीतच असल्याने फोनला मोबाइलच्या टॉवरपर्यंत पोहोचण्याचे कष्ट पडत नाहीत. इअरफोन वा स्पीकर वापरला की डोक्यावरचा मारा पुष्कळच घटतो, आणि टूजीच्या साध्या फोनवर कॉल जोडला जाईपर्यंत तो कानापासून दूर धरावा, कारण सुरुवातीस तो पूर्ण जोर लावतो.

बाजारात रेडिएशन रोखणारे स्टिकर, चिप आणि चंदेरी तारेची आवरणे विकली जातात. साधे सुती कापड या लहरी मुळीच अडवत नाही, म्हणून सदऱ्याच्या खिशाचे संरक्षण शून्य. धातूच्या तारेचे कापड अडवते, पण ते फोनलाच गुंडाळले तर अडखळलेला फोन जोर वाढवतो आणि बॅटरीही संपते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ग्राहकांना नेमका हाच इशारा दिला आहे. गिऱ्हाइकाच्या भीतीवर नफा कमावणारा हा माल आहे.

बॅटरीचा सगळा दोष लहरींवर टाकणेही योग्य नव्हे. सर्वांत मोठा खर्च बहुधा पडद्याच्या प्रकाशाचा असतो. शिवाय लिथियम-आयन बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे. वैशाखात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अशा वेळी मोटारीच्या काचेखाली ठेवलेला किंवा उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन वर्षभराचे आयुष्य काही महिन्यांत गमावू शकतो. तो वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ठेवणे हितावह.

सर्वांत निकडीचा प्रश्न मात्र शिवारातला आहे. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्री येते. हरभऱ्याला पाणी देण्यासाठी गेलेल्या माणसाच्या हातात टॉर्चही फोनचाच आणि संकटकाळी १०८ची रुग्णवाहिका बोलावण्याचे साधनही तेच. शिवारात सिग्नल दुबळा असला की खिशातला फोन रात्रभर टॉवर शोधत राहतो, दोन सिम असतील तर दोन्ही बाजूंनी, आणि सर्पदंशाच्या वेळी पडदा काळा होतो. अशा ठिकाणी फोन विमान-स्थितीत ठेवावा, ठरावीक वेळाने घरी खुशाली कळवण्यापुरता उघडावा, उजेडासाठी दोनशे रुपयांची वेगळी बॅटरी न्यावी, आणि धुऱ्यावर कोणत्या झाडाजवळ सिग्नल मिळतो ते दिवसाउजेडी पाहून ठेवावे.