आखनच्या भट्टीतले चूर्ण

जर्मनीच्या पश्चिम सरहद्दीवरील आखन हे शहर सम्राट शार्लमेनच्या प्रार्थनामंदिरासाठी ख्यात असले, तरी १८७० साली तेथे सुरू झालेल्या तंत्रविद्यापीठात, जेथे आज आपल्याकडील विद्यार्थीही शिकतात, खनिजद्रव्ये व सिरॅमिक यांच्या शास्त्राला वाहिलेली एक स्वतंत्र संस्था आहे. आजचा विषय, म्हणजे सिरॅमिक वस्तू घडविण्याची रीत, तिच्याच अखत्यारीतला.

ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, वितळते सुमारे २०५० अंश सेल्सिअसला, आणि तो ताप सोसणारा साचा आणायचा कोठून? म्हणून ओतकामाच्या फंदात न पडता, त्याच्या सूक्ष्म चूर्णात थोडे बंधक कालवून, पोलादी साच्यात दाबून खडूसारखा ठिसूळ तुकडा घडवितात, बंधक सावकाश जाळून टाकतात (येथे घाई केली की तुकडा फुटलाच म्हणून समजावे), आणि सुमारे १६०० अंशांवर भाजतात, तेव्हा काहीही न वितळता, केवळ अणूंच्या विसरणाने, कण परस्परांस जडतात, मधली छिद्रे बुजतात आणि वस्तू प्रत्येक बाजूने बहुधा १५ ते २० टक्के आकसते. या क्रियेलाच सिंटरिंग म्हणतात. आकसण्याचा हिशेब आगाऊच धरावा लागतो, कारण पक्की वस्तू तासायला हिऱ्याचे हत्यार लागते.

झिर्कोनियाची, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडची, तऱ्हा आणखी नाठाळ: शुद्ध असेल तर निवताना स्फटिकरचना बदलून ते फुगते व तडकते, म्हणून त्यात यिट्रिया (यिट्रियमचे ऑक्साइड) मिसळतात. दंतवैद्य बसवितात ती पांढरी टोपी पुष्कळदा याचीच. अर्धवट भाजलेल्या ठोकळ्यातून ती मुद्दाम मोठी कोरतात आणि मग भट्टीत मापावर आणतात.